इंजिनाचं तोंड

२८ सप्टेंबर १९८७, सोमवार

आली एकदाची. ट्रकातून वाळूवर उतरवली आणि पहिला वास आला तो कोंबड्यांचा. मी विचारलं, हो, बोटीत कोंबड्या कशा? तर हे म्हणाले, पावसाळाभर कायतानाच्या मांगरात, म्हणजे खोपटात, होती, रात्री त्याच्या कोंबड्या वर बसायच्या. शापोऱ्याच्या त्या कायतानाने आमच्या ह्यांना जुनी मोटरबोट विकली आणि वर कोंबड्यांची घाण फुकट दिली. बुडाशी जाळ्यातून पडलेली सडकी सुंगटं चिकटलेली. इंजिनाच्या टोपणाखालून काळं तेल गळतंय. आणि हे तिच्या अंगावरून हात फिरवतायत. शी!

ही वही बालवाडीच्या हजेरीला आणली होती. घरात बोलून उपयोग नाही, म्हणून आता इथेच ओकणार.

लग्न झाल्यापासून हे मुरगावला खनिजाच्या बार्जवर. महिन्याने एकदा घरी यायचे, पाहुण्यासारखे, पिशवी खुंटीला लावायची की नाही हे मला विचारून. मला त्याची सवय झाली होती. आता म्हणतात, पुरे, केरीतच राहणार, आरंबोलचे गोरे आणि आपली माणसं तेरेखोलला नि आरोंद्याला सोडणार. मला कुणी विचारलं? बार्जवरचा मुकादम भिकाजी मात्र शहाणा. तो म्हणाला, "बाबली, त्रिपुरी पुनवेपर्यंत तुझी जागा धरून ठेवतंय. बोट चलली तर रव घराक. नाय चलली तर ये, मगे परत ह्यो विषय काढूचो नाय." ह्यांनी त्याच्या हातावर हात मारला. म्हणजे पुनवेपर्यंत हे नाटक.

सासूबाई, म्हणजे आये, वाळूवर आल्या. हे नवलच. मामंजींची होडी खाडीच्या तोंडावर उलटली तेव्हापासून त्या नदीकडे तोंड करून बसतसुद्धा नाहीत. हे बार्जवर होते तेव्हा त्यांना काही वाटायचं नाही, कारण बार्ज त्यांना दिसत नसे. आज त्यांनी नव्या सुनेवरून ओवाळावा तसा बोटीवरून भाताचा मुटका ओवाळला, टाकला, आणि इंजिनाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

३० सप्टेंबर

माझा दात घासायचा ब्रश गेला. सकाळी शोधते तर अंगणात, पेट्रोलमध्ये बुडवून त्याने कार्बोरेटर घासतायत. विचारलं तर म्हणे, "तुझो मऊ आसा." स्वतःचा कुठे होता? खिशात.

पार्से गावचा गौरेश मेकॅनिक आला होता. त्याने इंजिनाच्या खालच्या पायातला स्क्रू काढला आणि गिअरचं तेल काढलं. तेल काळं असायला हवं होतं, आलं ते दुधासारखं पांढरट. पाणी शिरलंय म्हणाला, सील बदलायला हवं. ते काढलं कशात? माझ्या कढीच्या पातेल्यात! मी पातेलं तिथेच सोडलं. घ्या, त्यात कढी करा, आणि दोघं मिळून प्या.

प्लग दोन्ही काळे पडले होते. ते नवे आणले. जुने ह्यांनी देवघराच्या कोनाड्यात ठेवले. का? "आसूं देत, लागतले." देवाच्या बाजूला!

२ ऑक्टोबर, दसरा

इंजिनाची पूजा. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ, सगळं त्या तेलकट धुडाला. मी बाजूला उभी होते. गौरेशही होता. नवं सील बसलं होतं आणि बोट पाण्यात जायला तयार होती.

आयेने विचारलं, "रे पुता, हिचां तोंड खंय?" गौरेशला मस्करीची हौस. त्याने इंजिनाच्या पायाला असलेलं अंगठ्याएवढं भोक दाखवलं. "ह्यां तोंड, आये. हंयसून पाणी पिता. पिऊक नाय मेळला तर तापान मरता. आणि वयल्या त्या बारक्या भोकांतसून मुतता. मुतता म्हणजे बरी आसा."

मी म्हटलं, शी रे, सणाच्या दिवशी काय बोलतोस! हे हसत सुटले. आये हसल्या नाहीत. त्यांनी त्या भोकाला बोटाने कुंकू लावलं. त्या तोंडावर जाळी असते म्हणे, कायतानाने ती कुठेतरी हरवली. गौरेश म्हणाला, मिळेल तेव्हा बसवू.

नावाचा वाद वेगळाच. गोवा राज्य झाल्यापासून आणि कोंकणी राजभाषा झाल्यापासून गावात प्रत्येक पाटीवर भांडण. रंगारी विचारतो, मराठीत घालू की कोंकणीत? ह्यांनी आयेचं नाव सांगितलं, लक्ष्मी. दोन्ही पक्ष गप्प झाले. तेवढं एक बरं केलं.

६ ऑक्टोबर

बोट तीन दिवस बरी चालली आणि आज तापली. आरोंद्याहून परत येताना टोपणातून वाफ, जळका रबराचा वास, आणि ते मुतणं म्हणतात ते बंद. सरळ वल्ही मारत आले. हातांना फोड, अंगाला पेट्रोल. तसेच जेवायला बसले. उंडा उचलला तर पांढऱ्या पावावर काळी पाच बोटं उमटली. मी तो उंडा उचलून कुत्र्याला टाकला. कुत्र्याने हुंगला आणि तोही गेला.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

गौरेशने पाय उघडला. आत पाणी ओढणारी रबराची फिरकी असते, तो तिला इंपेलर म्हणतो. तिच्या पाकळ्या वितळल्या होत्या. आणि सगळीकडे पांढरा चिकटा. गौरेश म्हणाला, मिठाचा थर, खाऱ्या पाण्याने होतो. मीठ असेल, पण त्याला आंबलेल्या पेजेचा वास येत होता. मी तसं म्हटलं तर दोघं म्हणाले, तुला प्रत्येक गोष्टीला वास येतो. येतोच! ज्याला नाक आहे त्याला येणारच.

नवी फिरकी आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणली. बसवली. पिंपात पाणी भरून त्यात इंजिन चालवून बघितलं. पिंप भरलं कुणी? मी, विहिरीतून, घागरीने. पंधरा मिनिटांत त्या पाण्यावर तेलाचे रंग आले आणि ते माझ्या अळवाच्या वाफ्यात ओतलं. आता अळू खायचं नाही.

आयेचं नवीन खूळ. रोज पहाटे आंघोळ करून नैवेद्याची वाटी घेऊन वाळूवर जातात. बोट तिथे ओढून ठेवलेली असते, इंजिन वर उचललेलं. वाटी रिकामी घेऊन येतात. या वयात वाळूत पाय मुरगळला तर? विचारलं तर म्हणतात, "पूजा करून इलंय." कावळे मात्र माजतायत.

१० ऑक्टोबर

आये लाटंबार्श्याला गेल्या, लेकीकडे. कमलवन्सचं भात कापायला आलंय. घरात आता फक्त मी, हे, आणि पेट्रोल.

१८ ऑक्टोबर, रविवार

लिहायला झालं नाही. बोट रोज चालतेय. एकदाही तापली नाही. नव्या फिरकीची करामत, असं हे म्हणतात आणि गौरेशला दोनदा जेवायला घातलं.

हे संध्याकाळी घरी येतात. रोज. ही गोष्टच विचित्र आहे. दिवेलागणीला पायऱ्यांवर खोकण्याचा आवाज येतो आणि मला दर वेळी वाटतं, कोण आलं? पिशवी खुंटीला लावतात, विचारत नाहीत. तेलकट पिशवी, खुंटीखालची भिंत काळी झालीय. पुसली नाही अजून. वेळच होत नाही.

आज मला जबरदस्तीने बसवून आरोंद्याला नेलं. माझं माहेर. रस्त्याने जायचं तर अर्धा दिवस जातो, पाण्याने गेलो तर चहा थंड व्हायच्या आत. आईने पायरीवरून मला ओळखलं आणि ओरडली. बोटीतून बघितलं तर आमचं परसदार किती लहान दिसतं. मग मला उलटी झाली, बोटीच्या कठड्यावरून, आईच्या देखत. पेट्रोलच्या वासाने, दुसरं काय. येताना ह्यांनी मला पुढच्या फळीवर बसवलं, वारा येतो म्हणून. तिथे वास कमी येतो, हे खरं.

२१ ऑक्टोबर

आये काल आल्या. कमलवन्सने नव्या भाताचे पोहे दिलेत. आल्या आल्या विचारलं, "बोट बरी आसा?" मी म्हटलं, तुमच्या लेकापेक्षा बरी. आज पहाटे वाटी घेऊन पुन्हा वाळूवर.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

काल लिहिलं नाही, म्हणून कालचं आज.

म्हापशाचं एक बिऱ्हाड तेरेखोलचा किल्ला बघायला आलं होतं. नवरा, बायको, म्हातारे वडील. हे त्यांना घेऊन निघाले. सुकती लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. मी घागर घासायला वाळूवर गेले होते. इंजिनाचा आवाज आधी बारीक झाला, मग किंचाळल्यासारखा, मग बंद. बोट खाडीच्या तोंडावर. तिथेच, जिथे मामंजी गेले. ती बाई मोठ्याने देवाचं नाव घेत होती, ते मला किनाऱ्यावर ऐकू येत होतं. ह्यांनी नांगर टाकला. एकदा धरला नाही. दुसऱ्यांदाही नाही. बोट आडवी होऊन लाटांकडे सरकत होती आणि मी कमरेएवढ्या पाण्यात कधी गेले मला माहीत नाही. तिसऱ्यांदा दोर ताणला गेला. रापणीवाल्या कोळ्यांनी होडी घालून सगळ्यांना ओढून आणलं.

किनाऱ्यावर आल्यावर म्हातारे ओकले. त्यांचा मुलगा ह्यांना जे बोलला ते इथे लिहीत नाही. रापणीवाले हसत होते. "बाबल्या, तुझी लक्ष्मी तुका बुडयतली!" हे मान खाली घालून उभे होते, अंगावर तेल, वाळू, आणि त्या माणसाची थुंकी. मला त्या बोटीची, त्या इंजिनाची, त्या कायतानाची, सगळ्यांची किळस आली. काडी लावावी असं वाटलं.

घागर कुठे टाकली आठवत नाही.

आयेला सांगितलं. त्या आत गेल्या आणि तांदूळ धुवायला घेतले. आज पहाटे बघितलं तर वाटी नव्हती, वाडगा होता.

३१ ऑक्टोबर

गौरेश म्हणाला, गॅस्केट जळलं. म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची ती पातळ पट्टी. नवीन घातली. पिंपात चालवलं तर मुतणं आपलं ठिबक ठिबक. गौरेशने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "वयनी, आता माका इचारू नका." मग कुणाला विचारू, पाववाल्या पोदेराला?

हे पायरीवर बसून हातांचं तेल पुसत होते. मग म्हणाले, "पुनवेक भिकाजी येता. तेच्याबरोबर जातंय मुरगावाक." मी म्हटलं, जावा. एवढंच म्हटलं. बरंच झालं. घरातला वास जाईल, भिंत पुसता येईल, ब्रश जागेवर राहील. खुंटी पण रिकामी होईल, ओले कपडे टाकायला.

जेवण कुणालाच गेलं नाही. आंबट सोलकढी फेकून दिली.

३ नोव्हेंबर, मंगळवार

हे पार्श्याला गेले, बोट कुणी घेतो का विचारायला. मी वाळूवर गेले. माझं कढीचं पातेलं बोटीत पडलं होतं, ते आणायला. तिथे पाना पण होता. गौरेशने पाय उघडताना मी इतक्यांदा दिवा धरलाय, पिंप भरलंय आणि शिव्या घातल्यात की कुठला नट आधी काढायचा हे मला झोपेतही सांगता येईल. म्हटलं, या मेल्या मशिनीच्या पोटात आहे तरी काय, एकदा बघूच.

चार नट काढले. पाय खाली ओढला. घाण वास. तोच, आंबलेल्या पेजेचा! मीठ म्हणे. चिकटा बोटाने ओढला तर त्यात शीत. अख्खं शीत, भाताचं. आणखी ओढला. नवे पोहे, फुगून गिळगिळीत झालेले. आणि शेवटी बोटाला चिकटून आलं ते तुळशीचं पान. काळं पडलेलं, पण तुळशीचंच. नैवेद्याच्या भातावर ठेवतात ते.

मी वाळूत बसले. डोक्यात सगळं एकदम जुळलं. आये लाटंबार्श्याला होत्या तेव्हा बोट का चालली, ते. वाडगा का लागला, ते.

तशीच घरी गेले, ते पान हातावर घेऊन. आये तुळशीपाशी वाती वळत होत्या. पान बघितलं आणि वाती वळणं थांबलं. मी काही विचारायच्या आत त्याच बोलल्या.

"गो, तुझो सासरो गेलो त्या दिसा मी नदयेक काय्येक दिलंय नाय. घायेत होतंय. उपाशी नदी ती, गिळल्यान तेका. आता ही माझ्या झिलाक घेऊन त्याच तोंडार जाता. गौरेशान तोंड दाखयल्यान. म्हटलां, हिचां पोट भरलेलां आसलां तर ही तरी माझ्या झिलाक खावची नाय."

माझ्या जिभेवर आलं होतं. तुमच्या भातानेच त्या दिवशी त्यांना मारलं असतं, त्याच तोंडावर, तुमच्या लेकाला! पूर्ण वाक्य तयार होतं. मी ते गिळलं. मी काही गिळणारी बाई नाही, हे गावाला माहीत आहे. पण त्या म्हाताऱ्या बाईच्या हातात अजून अर्धी वात होती.

म्हटलं, "आये, तिचं पोट भरलं. आता ती पुरे म्हणते. उद्यापासून नैवेद्य नदीलाच घालूया. नदी उपाशी राहिलीय ना, मग तिलाच."

त्यांनी हातातली वात पुरी वळली. त्यांना किती कळलं मला माहीत नाही. "माझ्याबरोबर येशीत?" म्हणाल्या. मी म्हटलं, येईन.

मग परत वाळूवर गेले. पाय धुतला, नळी धुतली, केळीच्या सोपटाची काडी घालून आतला सगळा गदळ काढला. नखांत तो वास अजून आहे, तीनदा साबण लावला तरी. फिरकी शाबूत होती. त्या उघड्या तोंडाला काय लावावं? घरी येऊन चहाची गाळणी घेतली, जाळी कापून काढली आणि तांब्याच्या तारेने घट्ट शिवली. शीतसुद्धा जाणार नाही.

हे आल्यावर सांगितलं, जाळी नव्हती म्हणून केर शिरला होता, काढला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. "तू उघडलंस?" म्हटलं, मग काय, तुमचा गौरेश उघडणार? तो तर मीठ काढतोय महिनाभर.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

पहाटे आये आणि मी नदीवर गेलो. त्या इतक्या वर्षांनी पाण्यात उभ्या राहिल्या, घोट्यापर्यंत. मी दंड धरला होता. भाताचा मुटका स्वतःच्या हाताने पाण्यात सोडला. म्हणाल्या, "घे, खा. आणि माझ्या झिलाक सोड." मासे आले आणि भात फस्त झाला.

भिकाजी सकाळच्या बसने आला. त्याला हे बोटीत बसवून तेरेखोलला घेऊन गेले आणि परत आले, मग पुन्हा खाडीच्या तोंडापर्यंत, मग पुन्हा. मी वाळूवर होते. यावेळी घागर नेली नव्हती. इंजिनाच्या त्या बारक्या भोकातून जाड, सरळ धार, गरम, तेलकट, बघायला घाणेरडी. बाजूला दोन बायका नाकाला पदर लावून उभ्या होत्या. मला त्या धारेवरून नजर काढवेना. ती नीट दिसेनाशी झाली तेव्हा मी पदराने तोंड पुसलं.

भिकाजी उतरला, पँट झटकली आणि म्हणाला, "बाबली, दुसरो माणूस बघतंय मी." चहाला थांबला. चहात चोथा आला. त्याने तोंड वाकडं केलं पण प्याला. आयेने प्याला, ह्यांनी प्याला. ह्यांनी पेला खाली ठेवला, तळाशी काळा थर बघितला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "उद्या शुक्रवार. म्हापशाक जाऊन नवी गाळणी हाडतंय."

मी म्हटलं, "काय्येक नको खंय जाऊक. चोथो तळाक बसता."